खंदकातलं निळं पाणी

"नीळ तूच ओतलीस!" कमरेवर हात ठेवून मामेभाऊ महेश गरजला.

"तुमच्या किल्ल्याच्या खंदकाला मी हातसुद्धा लावला नाही!" दिशा म्हणाली.

"मग एका रात्रीत पाणी निळं झालं कसं? तुला किल्ला बांधायला घेतलं नाही, त्याचा सूड!" शेजारच्या रय्याननं निकाल देऊन टाकला आणि दोघे मातीचे मावळे आणायला बाजारात पळाले.

आईचं ऑपरेशन झालं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दिशाला नाशिकहून दिंडोरीला मामाकडे धाडलं होतं. इथे द्राक्षबागेत फवारणीची धांदल. तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नव्हती. आता तर ती गुन्हेगारही ठरली. हे फोनवरून आईच्या कानी गेलं तर? तिचे डोळे भरून आले. पण रडून नीळ थोडीच निघणार होती!

ती खंदकापाशी उकिडवी बसली. टप्! वरून एक थेंब पडला. भिंतीवरच्या पाइपाच्या सैल सांध्यातून तो गळला होता आणि चक्क निळा होता! गच्चीवरचं पावसाचं पाणी हाच पाइप अंगणाखालच्या टाकीत नेई. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून घरातले सगळे वर्षभर टाकीतलंच पाणी पीत. पहाटे थोडी भुरभुर झाली होती.

दिशा गच्चीवर धावली. कोपऱ्यात फवारणीच्या मोरचुदाची रिकामी पोती पडली होती. त्यांच्याखालून एक निळा ओघळ थेट पाइपाच्या तोंडापर्यंत गेला होता.

"मामी, ही पोती इथे कुणी टाकली?"

"मीच गं!" विमलामामी गोठ्यातून ओरडल्या. "विष ते! वासरू तोंड घालतं, म्हणून वर टाकली. म्हटलं, आता कुठला आलाय पाऊस!"

"पण मामी, गच्चीवरचं सगळं टाकीतच उतरतं ना?"

मामी हातातली पेंढी टाकून अंगणात आल्या. तेवढ्यात आभाळ गडगडलं आणि टपोरे थेंब कोसळू लागले! मामी पोती उचलायला वर धावल्या, तर दिशा खाली येऊन पाइपाला लोंबकळली. सैल असूनही सांधा निघेना.

"ए, पाणी आमच्या किल्ल्यावर पडेल!" फाटकातूनच महेश किंचाळला.

"पडू दे! विष टाकीत चाललंय!"

"महेश, अरे, आपण पितो ते पाणी!" रय्यान आधी धावला. मग महेशही. तिघांनी हिसका दिला. खळ्ळकन पाइप निघाला, निळसर लोंढा किल्ल्यावर कोसळला आणि बुरूज बसला.

सावळीराममामा भिजत आले. सगळं ऐकून म्हणाले,

"पोरी, लय मोठं काम केलंस! आम्ही वासराला जपलं आन् घराला विसरलो. पाणी तपासून येईपर्यंत टाकीतला थेंबही कुणी तोंडाला लावायचा नाय."

मामींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. थोड्याच वेळात सगळे आपापल्या कामाला पांगले. पाऊस थांबला. दिशा ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. कौतुक झालं होतं. पण ते आईनं ऐकायला हवं होतं.

कोरड्या मातीचं घमेलं घेऊन महेश समोर आला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "गोठ्यापलीकडे नवा किल्ला बांधतोय. रय्यानला बुरूज जमत नाही."

"मला जमतो," दिशा म्हणाली.

"मग धर की घमेलं! हात मोडले माझे!"

तिनं घमेल्याची दुसरी कड धरली.