एकशे चौऱ्याऐंशी फायली

राजलक्ष्मीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, असे म्हणणे खरे नव्हते. शरच्चंद्र भागवतांनी ते दिले नव्हते. तेवीस दिवस पत्र चष्म्याच्या डबीखाली पडून होते.

पत्र बारा मार्चला इंदूरहून आले होते.

'सर, आपण मला ओळखत नाही. मी एम.एस्सी. करते. असेंद्रिय आणि पर्यावरण रसायनावरचे आपले ऑनलाइन पाठ वाचून मी पाण्याच्या तपासणीकडे वळले. तेवीस हातपंप, आठ वर्षं, नायट्रेटचे आकडे. माझा प्रबंध त्यांवरच उभा आहे. आता ते पान उघडत नाही. गाइड म्हणतात, आकडे मी मनाचे लिहिले. आठ एप्रिलला, सोमवारी, समिती बसणार आहे. आकडे तिथे होते आणि ते आपले होते, एवढं सहीनिशी लिहून पाठवाल का? फोन चालणार नाही म्हणतात.'

दोन ओळींचे काम. पण भागवतांच्या हातून त्या उतरेनात.

निवृत्त होण्याच्या वर्षी त्यांनी ते आकडे कॉलेजच्या वेबसाइटवर चढवले होते. तेव्हा त्यांचे सहकारी विश्वासराव भर बैठकीत म्हणाले होते, "भागवत, आकडे एवढे वर? बाटल्या धुतल्या होत्या ना?" सगळे हसले होते. भागवतही हसले होते. यंदा दोन कॉलेजे एक झाली, दोन विभागांचा एक विभाग झाला आणि विश्वासराव त्याचे प्रमुख झाले. आकडे चूक होते म्हणूनच त्यांनी काढले असणार. मग सही कशावर करायची?

"ती मुलगी वाट बघत असेल हो," चार एप्रिलला सकाळी वनमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"आकडे चूक असतील तर?"

"मग जाऊन विचारा, का काढले. विचारण्याचं चालान नाही कापत कोणी, दंड नाही पडत."

भागवत दाना ओलीतल्या घरातून निघाले. नया बाजारपर्यंत दोनदा परत फिरावेसे वाटले.

शहर हिंदी मुलखातले, कॉलेजचा कारभारही हिंदीत. विभागाच्या दारावर ताज्या रंगात लिहिले होते: अकार्बनिक एवं पर्यावरण रसायन विभाग.

"या, या!" विश्वासराव उठून उभे राहिले. "आत्ताच शिक्षा विभागाची माणसं गेली. शिक्षा विभाग! आमची आई विचारायची, पोरांनी गुन्हा काय केलाय?"

भागवत हसले नाहीत. "माझे नायट्रेटचे आकडे तुम्ही काढलेत?"

"मी? कशाला?"

"चूक होते म्हणून."

"कोण म्हणालं चूक?"

"तुम्हीच. बाटल्या..."

विश्वासराव त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो, ती थट्टा होती! नंतर मी मुलांकडून दहा पंप तपासून घेतले. तुमच्याइतकेच आले."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"त्याची नोंद आहे?"

"नाही हो. आणि तुमच्या प्रयोगशाळेच्या वह्याही जागा बदलताना रद्दीत गेल्या."

दोघे शेजारच्या खोलीत गेले. तिथे शरयू बसली होती. दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइट जोडण्याचे काम तिच्याकडे होते.

"माझे पाठ आहेत?" भागवतांनी विचारले.

"सगळे आहेत, सर. बेचाळीसचे बेचाळीस. देखिए."

"विश्वासरावांच्या प्रयोगांचे आकडे?"

"तेही. हे बघा, 'शोध' नावाचं फोल्डर."

"माझं फोल्डर कुठंय?"

"हे एवढंच आलं होतं, सर."

"काय काय काढलं, त्याची नोंद?"

तिने नोंद उघडली. तीन मार्चची एकच ओळ होती. 'पुराने संशोधन हटाए गए. फाइलें 184.'

"आदेश कुणाचा?"

"माझा," विश्वासराव म्हणाले. "एकेका पाठाचे पाच-पाच अवतार झाले होते." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. 'पाठों के सभी पुराने संशोधन हटा दिए जाएँ. केवल अंतिम रूप रखा जाए.'

भागवतांनी कागद दोनदा वाचला. तेवीस गुणिले आठ. एकशे चौऱ्याऐंशी.

"शरयू, घरी काय बोलता?"

"मराठी, सर. पण वाचणं-लिहिणं हिंदीच. मराठी वाचायला कोणी शिकवलंच नाही."

"संशोधन म्हणजे काय?"

"करेक्शन. सुधार."

"विश्वासराव, तुम्ही सांगा."

विश्वासरावांचे तोंड उघडे राहिले. "घरी की ऑफिसात?" ते हळूच म्हणाले.

"घरी."

"घरी... शोध घेणं. अभ्यास." ते खुर्चीत बसले. "अरे देवा."

"चोर कोणी नाही," भागवत म्हणाले. "एका पंपाची एका वर्षाची एक फाइल, अशा एकशे चौऱ्याऐंशी. फोल्डरला मी नाव दिलं 'संशोधन'. मराठीत. तुम्ही आदेश हिंदीत लिहिलात, हिने तो हिंदीत वाचला आणि पाठांचे जुने अवतार त्यातच असतील असं समजून ते फोल्डर काढलं. तुमचं फोल्डर 'शोध' होतं, हिंदीतला अभ्यास, म्हणून ते बचावलं. परत आणता येतील?"

शरयू पडद्याकडेच बघत राहिली. "हटवलेली फाइल तीस दिवस कचरापेटीत राहते, सर. परवा रिकामी झाली. तुम्ही तीन दिवस आधी आला असतात, तो एक मिनिट का काम था."



"मला पत्र येऊन तेवीस दिवस झाले," भागवत म्हणाले. "शब्दाने फायली कचऱ्यात टाकल्या. घालवल्या मी."

"असं काय बोलता," विश्वासराव पुटपुटले.

"एक कागद द्या."

त्यांनी तिथेच लिहिले.

'चि. राजलक्ष्मी, आकडे तिथे होते. ते माझे होते आणि बरोबर होते. सोबत नोंदीची प्रत आहे. तिच्यातला "संशोधन" शब्द हिंदीत वाचला, तर जुन्या चुका काढल्या असं दिसेल. पुरावा एवढाच उरला आहे आणि तोही आपल्या विरुद्ध बोलतो. तो शब्द मराठीत वाचावा, असं समितीला सांग. तू लगेच लिहिलंस. मी वेळेवर उत्तर दिलं असतं, तर आज फायली असत्या.'

'बरोबर होते' या शब्दांपाशी पेन थांबले होते. त्यांनी ते खोडले नाहीत. सही केली. खाली आदेशाची हकिगत दोन ओळींत लिहून विश्वासरावांनीही सही केली. शरयूने नोंद छापून दिली.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी स्पीड पोस्टचे पाकीट वजनकाट्यावर ठेवले.

"सोमवारी सकाळी मिळेल?" भागवतांनी विचारले. मग लक्षात येऊन पुन्हा विचारले, "सोमवार सुबह तक पहुँच जाएगा?"

"पहुँच तो जाना चाहिए, बाबूजी."

"उससे पहले?"

"बीच में इतवार है."

त्यांनी पावती घेतली. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले. भागवत खिडकीपाशीच उभे राहिले. मागच्या माणसाने "बाबूजी, हटिए" म्हटले, तेव्हा बाजूला झाले.