शेंगदाण्यावरचा आळ

मैत्रिणीच्या डब्यातली चटणी चाटूनपुसून खाल्ल्यावर शाल्मलीला कळलं, की ती शेंगदाण्याची होती! आणि तिला तर शेंगदाण्याची ॲलर्जी होती. आता ओठ सुजणार, श्वास कोंडणार! शाळेतल्या नर्सताई इंजेक्शन घेऊन तिच्याजवळच बसून राहिल्या. पण पुरळ नाही, खाज नाही, काहीच नाही.

"असं कसं झालं?" आई चक्रावून गेली. शाल्मली लहान असताना शेंगदाण्याचा लाडू खाऊन तिचा चेहरा टम्म सुजला होता. मग फक्त शेंगदाण्याचीच तपासणी केली, आणि तीतही त्याचंच नाव निघालं. तेव्हापासून, सोलापुरात राहूनही, घरात दाण्याचं कूट आलं नव्हतं. काजू-बदामही बंद. शाल्मली कुणाच्या वाढदिवसालाही जात नसे.

आईने तिला तडक पुण्याला यशोधरामावशीकडे नेलं. मावशी तिथल्या रुग्णालयात ॲलर्जीवर संशोधन करायची. तिच्या चिमटा नावाच्या यंत्रमानवाने शाल्मलीचं रक्त इतकं अलगद काढलं, की तिला कळलंही नाही.

"मावशी, तपासणी खोटी होती का गं?"

"खोटी नाही, अर्धी. आपल्या शरीरात प्रतिपिंडे (नको असलेले पदार्थ ओळखणारी प्रथिने) असतात. ॲलर्जीची प्रतिपिंडे काही पेशींवर पहारेकऱ्यांसारखी बसतात. त्यांनी एखादा पदार्थ घट्ट पकडला, की पेशी हिस्टामिन (सूज आणि खाज आणणारं रसायन) बाहेर फेकतात. तुझ्या तपासणीत फक्त पहारेकरी दिसले. ते खरंच आरडाओरडा करतात का, हे कुणी पाहिलंच नाही."

चिमट्याने तिच्या रक्तातल्या पेशींवर शेंगदाण्याच्या प्रथिनाचा थेंब सोडला. पडद्यावर पेशी मोठ्या होऊन दिसत होत्या. चिडलेली पेशी केशरी चमकणार होती. शाल्मलीने आईचा हात घट्ट धरला.

पेशी निळ्याच राहिल्या.

"मग सूज कशाने आली होती?" आईने विचारलं.

"लाडवावर काही लावलं होतंस?"

आई आठवू लागली. "शोभेला एकेक काजू..."

काजूचा थेंब पडला आणि पडदा केशरी झाला. इतकी वर्षं आळ मात्र शेंगदाण्यावर!

मावशी तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं हाताशी ठेवून, तिने शाल्मलीला आधी दाण्याचा कण दिला, मग थोडं कूट, मग मूठभर दाणे. "खात्री अशीच होते. पण हे घरी कधीच करायचं नाही," तिने बजावलं. प्रत्येक घासानंतर आई लेकीचे ओठ निरखत होती. शेवटचा घासही पचला, तेव्हा ती मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता रडू लागली.

"पण माझे काजूचे पहारेकरी?" शाल्मलीने विचारलं. "त्यांना समजावता नाही येणार?"

"आम्ही तेच शिकतोय. प्रयोगशाळेतल्या काही पेशी आता शांत राहू लागल्यात. माणसांपर्यंत पोचायला वेळ लागेल, पण पोचू. तोवर काजूपासून लांब, आणि इंजेक्शन कायम जवळ."

परतताना बसथांब्याजवळच्या हॉटेलात दोघी शिरल्या. शाल्मली पहिल्यांदाच बाहेर जेवत होती. वेटर आला, तेव्हा कुणी काही खायला दिलं की हजार प्रश्न विचारणाऱ्या आईने एकच विचारला, "थाळीत काजू नाही ना, दादा?"

"नाही, ताई."

"मग दोन थाळ्या आणा."