झोळीची दोरी

परळीकडच्या उसाच्या फडावर आल्यापासून दिवसा पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत, पडून राहायची सत्यशीलाची ही पहिलीच वेळ. ऊसतोडीत ताप म्हणजे चैनच की! पण नवरा, रामेश्वर, आपणहून म्हणाला, "पड आज." नवलच.

शेजारच्या करिष्मानं तेवढ्यात डाव साधला. तान्हं पोर बाहेर बाभळीला टांगलेल्या झोळीत निजवलं आणि झोळीची दोरी दारातून आत आणून सत्यशीलाच्या पायाच्या अंगठ्याला बांधली. "आक्का, पडल्या पडल्या पाय हलवा फकस्त. लई गुणाचं हाय." आणि कोयता घेऊन पसार.

सत्यशीला चरफडली. दोन पोरी शिरूर कासारला सासूपाशी टाकून आलेली बाई ती. मागल्या साली गर्भाची पिशवी काढली, तेव्हा "सुटले बया!" म्हणाली होती. त्याच्याही आधी, फडातच, तिसऱ्या महिन्यात एक पडलं होतं. तिनं ते पाचटाखाली झाकलं, तोंड धुतलं, मोळी उचलली. रामेश्वरला कधी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटायची.

तापात डोळा लागला. जाग आली ती कुरकुरीनं. तिनं पाय हलवला, कुरकुर थांबली. पाय थांबला की पुन्हा सुरू. उन्हं कलली, पाचटाचा कुबट वास कोंदला, पोटरी भरून आली. आधी नुसता वैताग. मग, का कोण जाणे, ती पुटपुटू लागली.

"नीज रे राजा... मी काय वाईट न्हाई..."

दारात पावलं वाजली. करिष्मा आली होती. कडेवर बाळ.

"ह्याला मी भाकरीच्या वेळंलाच नेलं, आक्का. तुमी गाढ झोपलेल्या, म्हून उठवलं न्हाई."

सत्यशीलाचा पाय थिजला. "मंग... झोळीत कोण हाय?"

"कोण असणार? रिकामी हाय की." करिष्माचा आवाज खाली गेला. "रिकामी झोळी हलवू न्हाई, आक्का..."

मागून रामेश्वर आला. बायकोचा पांढराफटक चेहरा बघून तो खाली बसला आणि दोरी कापायला त्यानं कोयता पुढं केला.

सत्यशीलानं झटकन पाय ओढून घेतला.

"नका... आत्ताच झोपलंय."

"कोण झोपलंय?"

बाहेर वाऱ्याचा मागमूस नव्हता. रामेश्वरच्या डोळ्यांदेखत दोरी ताठ झाली, आणि तिच्या अंगठ्याला बाहेरून दोनदा हळूच ओढ बसली.