तेरावी ओळ

गावाबाहेरच्या बाप्टिस्ट चर्चला शंभर वर्षे पूर्ण होत होती. मंडळीचा इतिहास लिहिण्याचे काम पाळकांनी निवृत्त पोस्टमास्तरांवर सोपवले होते. मास्तर असे काटेकोर गृहस्थ, की पुराव्यावाचून स्वल्पविरामही देत नसत. त्या दुपारी बाप्तिस्म्याच्या हौदाची मापे घ्यायला ते चर्चमध्ये आले, तेव्हा त्यांची थोरली बहीण बाके पुसत होती.

दोघांत महिनाभर धुसफूस चालली होती, ती आजीवरून. चर्च बांधण्याआधी, मंडळीच्या पहिल्या दिवशी नदीत बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतलेल्यांची बारा नावे जुन्या वहीत होती. आजीचे नाव त्यांत नव्हते. बहिणीचे म्हणणे असे, की आजी तेरावी. परंतु नावे लिहिली गेली संध्याकाळी, आणि घरी तान्हे मूल भुकेले होते म्हणून ती ओल्या वस्त्रांनिशीच परतली होती.

"वहीत नाही ते इतिहासात येणार नाही, ताई."

"वही लिहिणाऱ्याला कधी पान्हा फुटला नव्हता, म्हणून नाही."

"उद्या छापखान्यात द्यायचंय. पुरावा आण, लिहितो."

"आजीलाच विचारून येते. मला तरी आता कितीसा उशीर आहे?" असे म्हणून ती चटया झटकायला अंगणात गेली.

मास्तरांनी व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या. खालचा हौद उन्हाळाभर कोरडा होता; तळाशी धूळ आणि एक वाळका कोळी. त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली आणि टिपून घेण्यासाठी ते मेजाकडे वळले.

पाठीमागे पाणी हलले.

कोणी कमरेइतक्या पाण्यातून सावकाश चालावे, तसा तो आवाज होता. मग क्षणभर शांतता, आणि पाण्याखालून वर येणाऱ्या माणसाचा तो पहिला, दीर्घ श्वास... चर्चभर नदीच्या गाळाचा वास पसरला. मास्तरांना वळून पाहणे जमले नाही. पावले त्यांच्या बाजूने गेली. ओल्या कापडाचा गारवा कोपराला चाटून गेला. बाहेर चटईवर काठी पडत होती. धप्. धप्.

बऱ्याच वेळाने ते वळले. हौद कोरडाच होता. कोळीही जागच्या जागी होता. मात्र हौदाच्या कडेपासून शेवटच्या बाकापर्यंत अनवाणी, ओली पावले उमटली होती. मास्तर गुडघ्यांवर बसले. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. लहानपणी आजीचे पाय चेपताना ती रिकामी जागा त्यांच्या अंगठ्याखाली नेहमी येत असे.

भीती वाटायला हवी होती. वाटले ते असे, की खूप वर्षांचे चुकलेले पत्र अखेर पोहोचले.

बहीण आत आली, तेव्हा ते लिहीत होते. ओळ तेरावी होती.

"मिळाला वाटतं पुरावा? कुठंय?"

"वाळतोय," मास्तर म्हणाले.

तिने जमिनीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि डोळ्यांना पदर लावला. पावले बाकापर्यंत गेली होती. तेथून दाराकडे एकही गेले नव्हते.

तेव्हापासून त्या बाकाच्या टोकाला कोणी बसत नाही. दर रविवारी बहीण तेथे कोरडा टॉवेल घडी करून ठेवते. आणि उपासना संपल्यावर, भर उन्हाळ्यातही, तो पिळूनच घरी नेते.