तिसरं फडकं

"टॉर्च इकडे धर, इकडे! माझ्या नाकात काय बघतोयस?" बॉनेटखाली डोकं खुपसलेला मामा ओरडला.

बटाट्याने घाईघाईने टॉर्च खाली केला आणि चिंगी खो खो हसली. बटाटा तिचा धाकटा भाऊ. शेजारी फोनवर धडाधड फोटो काढत उभा होता तो त्यांचा मावसभाऊ. कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याचं नाव वकील! सुट्टीला तिघंही आजोळी जमली होती आणि आज सकाळपासून कुणी गॅरेजमधून हललं नव्हतं.

बेतच तसा होता! आजोबांच्या वीस वर्षांच्या गाडीला मामा नवी हवेची नळी बसवत होता.

"म्हातारीला चढावर दम लागतो रे," मामा म्हणाला. "इंजिनाला नुसतं पेट्रोल पुरत नाही, हवाही लागते. हा काळा डबा काढायचा, त्याजागी हा जाड पाइप आणि टोकाला हे शंकूसारखं फिल्टर. मग बघा, कसा मोकळा श्वास घेते!"

मदतीला मामाचा मित्र होता. त्याच्या खिशात कायम पाना असे, म्हणून तो पानाकाका. दोघं जिवलग, पण एकमेकांवर कुरघोडी केल्याशिवाय दोघांनाही घास गोड लागत नसे.

फडकी पुरवायचं काम चिंगीकडे होतं. जुन्या पिवळ्या पडद्याची तीन फडकी तिने स्वतः कात्रीने कापून दिली होती.

दुपारी पाइप बसला. शेवटचा पट्टा आवळून मामाने ऐटीत किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, घुसमटल्यासारखी खोकली आणि बंद पडली! दुसऱ्या खेपेला चालू राहिली, पण आतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

"मामा, हिला सर्दी झालीय!" बटाटा म्हणाला.

"नवं आहे, रुळेल. चार किलोमीटर पळाली की सुतासारखी सरळ होईल!"

पानाकाकांनी मान डोलावली आणि दोघं हात धुवायला गेले.

चिंगी पसारा आवरू लागली. एक फडकं बाकावर होतं, दुसरं डब्यावर. आणि तिसरं? तिने कचऱ्याची बादली उपसली. बटाटा सरपटत गाडीखाली जाऊन आला, तोंड काळं करून! पण फडकं नव्हतंच.

"उडालं असेल," वकील म्हणाला.

"दार तर बंद होतं! फोटो दाखव बघू."

तिघांची डोकी फोनवर जमली. एका फोटोत जुना डबा निघालेला होता आणि इंजिनाकडे जाणाऱ्या उघड्या तोंडात काहीतरी पिवळं कोंबलेलं होतं.

"आत नट पडू नये म्हणून बोळा घातला असणार!" वकील म्हणाला. त्याने पुढचा फोटो उघडला. त्यात पाइप बसलेला होता.

"मग बोळा काढला कधी?" चिंगीने विचारलं.

वकिलाने सगळे फोटो पुन्हा चाळले. बोळा काढतानाचा एकही नव्हता.

"आतच आहे तो," चिंगी हळूच म्हणाली.

इतक्यात आजोबांचा आवाज आला. "गाडी झाली ना रे? आजीला साडेचारला सोडणार आहेत. निघतो मी!"

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी. घरापासून तिथवर उतरणारी वाट नागमोडी, एका बाजूला दरी.

चिंगी धावतच मामाकडे गेली. "मामा, पाइपात फडकं राहिलंय! काढून बघ ना!"

"अगं, आम्ही काय आज पहिल्यांदा पाना धरलाय?" मामा हसला.

"फोटो आहे मामा!"

"चिंगे, पोरखेळ पुरे! बाबांना उशीर होतोय." तो टॉवेल खांद्यावर टाकून वळलासुद्धा.

चिंगीचे डोळे भरून आले. पण रडायला वेळ कुठे होता? ती बटाट्याच्या कानाशी लागली. बटाटा बाणासारखा घरात सुटला आणि मिनिटभरात आजोबा ओरडले, "अरे, माझा एक बूट कुठे गेला?"

आता उरला होता मामा. त्याची दुखरी नस चिंगीला पक्की ठाऊक होती!

"वकिला, ऐकलंस का?" ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "असा पाइप पाच मिनिटांत काढून परत बसवणं मामाला जन्मात जमायचं नाही!"

"मुळीच नाही!" वकिलाने सूर धरला. "ते काम पानाकाकांचंच!"

"बरोबर बोलली पोरं!" पानाकाका मिशीत हसले.

झालं! मामा तरातरा परत आला. "कुणाला जमायचं नाही? लाव घड्याळ!"

वकिलाने घड्याळ लावलं. मामाने पट्टा सैल केला, पाइप ओढला आणि त्याचे हात जागीच थांबले.

आत पिवळं कापड होतं. अर्धं चुरगळून आणखी आत ओढलं गेलेलं!

पानाकाकांनी दोन बोटांनी ते अलगद बाहेर काढलं. कडेला इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या काठाचा ठसा उमटला होता.

"आणखी थोडं आत गेलं असतं तर झडप उघडीच अडकली असती," ते म्हणाले. "मग अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडी पळतच राहते. आणि त्या उतारावर..."

मामाने ते फडकं हातात घेतलं. "बोळा मीच घातला होता," तो म्हणाला. "मीच. आणि तू सांगत होतीस तर हसलो."

आतापर्यंत धीराने उभी राहिलेली चिंगी आता मात्र हमसून रडू लागली. मामाने तिला जवळ ओढलं. तिच्या फ्रॉकला ग्रीस लागलं, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

एका पायात बूट घातलेले आजोबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी दोन्ही जाणत्यांना समोर उभं केलं आणि एकेक नट, एकेक फडकं, एकेक पाना त्यांच्याकडून पुन्हा तपासून घेतला. मग पाइप बसला. किल्ली फिरवताच गाडी एका दमात सुरू झाली. खोकला नाही, शिट्टी नाही!

"आणि माझा बूट?" आजोबांनी विचारलं.

बटाट्याने तो निमूटपणे शर्टातून काढून दिला.

"चोरीबद्दल कान पिळायला हवा तुझा," आजोबा म्हणाले आणि त्याचा पापाच घेतला. "चला, तिघंही बसा गाडीत!"

आधी मामाने गाडी कोपऱ्यापर्यंत दोनदा नेऊन आणली. मगच ती डोंगर उतरली, अगदी सावकाश. आजी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्याच्या पायरीवर वाट पाहत होती. आजोबांनी तिला झालेलं सगळं सांगितलं, मामाचं हसणंसुद्धा.

"दोन डोळे शाबूत असलेल्यांना दिसलं नाही ते या पोरांनी पाहिलं!" आजी म्हणाली. "शाबास रे माझ्या वाघांनो!"

परतीच्या चढावर गाडीला जराही दम लागला नाही. आजीने चिंगीचा हात हातात घेतला होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्यापर्यंत चिंगी आजीच्या खांद्यावर गाढ झोपी गेली होती.