सावंगीच्या रस्त्यावरचा वळसा

बसा पोरांनो. शटर अर्धंच ओढा, चौक दिसत राहू द्या. माझं टायरचं दुकान याच चौकात, म्हणून सांगतो; ऐकीव नाही.

आपल्या वासुदेवरावांचा मुकेश इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. कोणत्या चौकात किती अपघात होतील ते गणितानं आधीच सांगायचं, हे त्याचं संशोधन. वळण, उजेड, वेग, वर्दळ, सगळं गणितात घातलं. गावातले बाकी चौक जुळले, हाच जुळेना. इथं गाड्या फार ठोकत. माझ्या दुकानात बसून बसून शेवटी त्यानं ताडलं.

“काकाजी, चौकात टाकलेल्या उताऱ्यावर चाक जाऊ नये म्हणून लोक गाडी वळवून राह्यले, अन् समोरच्यावर जाऊन राह्यले.”

“मंग लिंबू-नारळही घाल ना गणितात!” मी हसलो.

तो हसला नाही. त्याची बायको अंकिता सावंगीच्या दवाखान्यातून रात्री स्कूटीवर इथूनच घरी यायची.

गेल्या वर्षीची पोळ्याची अमावस्या. रात्रीचे दहा. चौकाच्या मधोमध उतारा पडलेला.

“झाडू द्या काकाजी. ती यायच्या आत साफ करतो.”

दिला. लिंबू, कुंकू, दहीभात, सगळं नालीत. रस्ता लख्ख.

मोटरसायकल आली. वळली.

ऑटो आला. वळला. त्याच जागेवरून.

“काऊन वळवली बे? रस्ता साफ आहे!” मुकेश ओरडला.

“आंधळा आहे का बे? बुढी बसली ना मधात! उठव तिले!”

आम्ही पाहिलं. कोणी नाही...

मुकेश त्या जागेवर जाऊन उभा राहिला. मी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही.

तेवढ्यात स्कूटीचा दिवा. अन् पलीकडून ट्रक. अंकिता वळली असती तर थेट ट्रकखाली.

“थांब! वळू नको!” त्यानं हात पसरले.

अंकिता थांबली.

ट्रक सरळ आला. सगळ्या गाड्यांत तो एकटाच. न वळता...

“मधात कोणीच नव्हतं,” मुकेश चाकाखाली गेला तरी ड्रायव्हर शपथेवर सांगत राहिला.

त्या रात्रीपासून इथं कोणी उतारा टाकत नाही. मागच्या महिन्यात नवं डांबर पडलं. सकाळी शटर उघडलं. ओल्या डांबरावर टायरच्या खुणा. सगळ्या त्याच जागी वळलेल्या.

फक्त वळसा आता मोठा आहे.

मधात दोन माणसं बसतील, एवढं डांबर कोरं...