मंगळवारपर्यंत बंद

बाबा गेले, त्या आठवड्यात मी आमच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या दारावर पाटी लावली – 'क्लोज्ड व्हाइल ट्यूजडे'. सोमवारी सकाळी पडदा सारला, तर बाहेर एक भिजलेला तरुण त्या पाटीशी भांडायच्या तयारीत उभा.

"आज सोमवार आहे," तो काचेपलीकडून म्हणाला. "तुम्ही तर मंगळवारी बंद!"

"कुठचे हो तुम्ही?"

"ब्रायटन."

"तरीच. यॉर्कशरमध्ये 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. मंगळवारपर्यंत बंद."

"बाकी सगळ्या इंग्लंडात त्याचा अर्थ 'असताना' असा आहे."

"शिकेल इंग्लंड... हळूहळू."

तो हसला. मीही हसले – बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. आणि दार उघडलं.

क्रिस्पिन त्याचं नाव. नदीवरच्या पुलाच्या दुरुस्तीला आला होता. मग रोज त्याला काहीतरी लागायचंच. चार स्क्रू... एक बिजागरी... आणखी एक बिजागरी.

"पुलाला दारं बसवतोयस का रे?"

"एकच दार आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "उघडतंय का बघतोय."

एका शनिवारी मात्र त्याने काहीच मागितलं नाही. "हेटी, तू झोपत नाहीस ना?"

मी खिळ्यांचा डबा उगाच हलवला. "हॉस्पिटलमध्ये बाबा म्हणाले होते, जवळ बस – व्हाइल आय स्लीप. त्यांना झोप लागली, मी घरी आले. ते उठलेच नाहीत... त्यांना तुमचा अर्थ म्हणायचा असेल तर? मी झोपेत असताना बस, असं?"

त्याने डबा माझ्या हातून घेऊन खाली ठेवला. "बाबा कधी आमच्याकडे, दक्षिणेत राहिले होते?"

"एकदा ब्रायटनला गेले होते. चहा पाणचट म्हणून दुसऱ्या दिवशी परत."

"मग शब्द त्यांचाच होता. झोप लागेपर्यंत बस. आणि तू बसलीस, हेटी."

त्याने माझा हात धरला नाही. शेजारी आपला ठेवला, एवढंच... मी बाबांच्या खुर्चीत टेकले. डोळे जड झाले होते.

"थांबशील? व्हाइल आय स्लीप..."

"तुमच्या अर्थाने की आमच्या?"

"तुमच्या."

जाग आली तेव्हा अंगावर त्याचा कोट होता. दारात शेजारच्या मिसेस मर्गट्रॉइड उभ्या होत्या आणि क्रिस्पिन त्यांना कुजबुजत सांगत होता, "दुकान बंद आहे... व्हाइल शी वेक्स."

"ती उठेपर्यंत, होय?" मिसेस मर्गट्रॉइडनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता कुठे माणसासारखं बोलायला लागलास, पोरा!"

मी डोळे पुन्हा मिटून घेतले. दुकान अजून थोडा वेळ बंद राहायला हवं होतं.